उभ्या ऑगरचा टीएमआर मिक्सर : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

दुभत्या कळपासाठी चारा मिक्सर घ्यायचा विचार सुरू झाला की माहितीपत्रकातला पहिला आकडा, म्हणजे टाकीचे घनमीटर, हाच सगळ्या चर्चेचा विषय होऊन बसतो. ट्रॅक्टरच्या मागे जोडले जाणारे, एका उभ्या ऑगरचे (चारा कापत वर उचलणाऱ्या मळसूत्राचे) आणि वजनकाटा बसवलेले यंत्र रोजच्या कामात वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की निवड करताना हा आकडा सर्वांत कमी उपयोगी पडतो. गव्हाणीच्या एका टोकाला उभ्या असलेल्या गाईच्या आणि दुसऱ्या टोकाच्या गाईच्या तोंडी एकसारखाच घास जातो की नाही, यावर यंत्राची किंमत ठरते. हा घास पाती, वजनकाटा, भरण्याचा क्रम आणि गोठ्यात रोज करावा लागणारा सर्वांत लहान घाणा (एका वेळी मिसळायचा माल) यांच्यावर अवलंबून असतो. टाकीच्या आकाराचा विचार त्यानंतर.

यंत्राकडून नेमके काय हवे, हे आधी स्पष्ट असलेले बरे. चारा आणि खुराक वेगवेगळा दिला की गाय खुराक आधी संपवते, त्यातला स्टार्च कोठीपोटात (चारा आंबतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात) थोड्याच वेळात मोठ्या प्रमाणावर आंबतो आणि तिथला सामू (पीएच) घसरतो. तो ५.८ च्या खाली बराच वेळ राहिला तर तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात, रवंथ कमी होते, शेण पातळ पडते, दुधातील फॅट उतरते आणि काही महिन्यांनी त्याच गाई खुरांच्या तक्रारी घेऊन उभ्या राहतात. याउलट लांब तंतूंचा चारा चघळणाऱ्या गाईच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ तयार होते आणि तिच्यातील बायकार्बोनेट हे आम्ल आटोक्यात ठेवते. टीएमआर, म्हणजे संपूर्ण मिश्रित आहार, देण्यामागचा हेतू असा की प्रत्येक घासात मुरघास (हवाबंद आंबवून साठवलेला हिरवा चारा), वाळलेला चारा, धान्य, पेंड आणि क्षारमिश्रण ठरलेल्या प्रमाणातच यावे. त्यामुळे मिक्सरला दोन परस्परविरोधी कामे एकाच वेळी करावी लागतात. चारा इतका तोडायचा की गाईला तो वेचून बाजूला सारता येऊ नये, आणि इतका राखायचा की तो तिला चघळावा लागावा. उभ्या ऑगरचे यंत्र या दोहोंपैकी तोडण्याकडे झुकलेले आहे, आणि त्याच्या गुणांचे व दोषांचे मूळ याच झुकावात आहे.

आडव्या यंत्रांत टाकीच्या लांबीने फिरणारा दांडा असतो. त्यावर पॅडल बसवलेले असतील तर चारा उचलून अलगद खाली सोडला जातो. आयर्लंडची कीनन कंपनी, जी २०१६ पासून ऑलटेकच्या मालकीची आहे, याच पद्धतीच्या यंत्रांसाठी ओळखली जाते. पॅडलचे यंत्र तंतूंची लांबी चांगली राखते आणि लहान घाणाही नीट मिसळते, परंतु वाळलेल्या गवताची अखंड गोल गाठ फोडण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवणे रास्त नाही. पॅडलऐवजी आडवे ऑगर असलेली यंत्रे जोमाने कापतात, मात्र चारा दाबत कापत असल्यामुळे ओला मुरघास जरा अधिक वेळ फिरला की त्याचा लगदा होण्याचा धोका त्यांत मोठा असतो. उभ्या ऑगरची यंत्रे फ्रान्सची कुन, नेदरलँड्सची ट्रायोलिएट आणि इतर अनेक कंपन्या बनवतात. त्यांचे मोठे आकर्षण हेच की गाठ तशीच्या तशी वरून टाकता येते, आणि तळाशी एका ऑगरसाठी एकच गिअरबॉक्स असल्यामुळे साखळ्या, दातेरी चाके आणि बेअरिंग यांचा पसारा कमी असतो. ज्यांचा सगळा चारा आधीच कुट्टी केलेला असतो, त्यांना या पहिल्या गुणाचा काहीही उपयोग नाही. त्यांनी पॅडलच्या यंत्राचा विचार आधी करावा, असे मी निःसंकोच सांगेन.

उभ्या यंत्राची रचना साधी आहे. वर रुंद आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या टाकीच्या मध्यभागी शंकूच्या आकाराचे एक मोठे मळसूत्र उभे असते. त्याच्या कडेला पाती बसवलेली असतात. ते फिरू लागले की तळाचा चारा मधून वर चढतो, टाकीच्या भिंतीलगत खाली उतरतो आणि पुन्हा मळसूत्राखाली ओढला जातो. टाकीच्या भिंतीतून आत सरकवता येणाऱ्या अडसरपट्ट्या या चाऱ्याला क्षणभर थोपवून धरतात, म्हणजे पाती त्याला कापू शकतात. गाठ फोडताना अडसर आत आणि मुरघास पडल्यावर बाहेर, हा साधा नियम पाळला तर वेळ बराच वाचतो. अनेक ठिकाणी मात्र हे अडसर एकदा बसवले की वर्षानुवर्षे हलवलेच जात नाहीत.

आता आकाराविषयी. समजा कळपात ६० दुभत्या गाई आहेत आणि प्रत्येक गाय दिवसाला सुमारे २१ किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, खाते. मिश्रणात निम्मे पाणी धरले तर एका गाईला ४२ किलो आणि कळपाला २,५२० किलो मिश्रण लागेल. मुरघास जास्त असलेल्या मिश्रणाचे वजन घनमीटरला साधारण २५० ते ३५० किलो भरते. मध्यम म्हणून ३०० धरले तर ८.४ घनमीटर होतात. टाकी काठोकाठ भरून मिश्रण होत नाही, कारण वरचा थर फिरतच नाही आणि कडेने सांडतो. म्हणून टाकी ८० टक्के भरण्याचा हिशेब धरला तर एकाच वेळी सगळा चारा करण्यासाठी साडेदहा घनमीटरचे, आणि दोन वेळा करायचा असेल तर सव्वापाच घनमीटरचे यंत्र लागते. इथपर्यंतचे गणित विक्रेताही करून देतो.

तो सहसा पुढचे गणित करून देत नाही. याच कळपात आठ भाकड गाई असतील तर त्यांचे खाणे निराळे असते: धान्य थोडे, वाळलेला चारा जास्त. प्रत्येकीला १२ किलो शुष्क पदार्थ, म्हणजे २४ किलो मिश्रण, म्हणजे आठ गाईंना जेमतेम १९२ किलो. मिश्रण हलके असल्यामुळे त्याला सुमारे एक घनमीटर जागा लागेल. साडेदहा घनमीटरच्या टाकीत हा घाणा मळसूत्राच्या तळाभोवती नुसता गोल फिरत राहतो. वर चढून खाली उतरण्याइतका माल नसतो, त्यामुळे मिश्रण होत नाही आणि सुटलेला भुस्सा मात्र उडत राहतो. टाकी साधारण एक-तृतीयांशाहून कमी भरलेली असेल तर उभ्या यंत्रावर फारसा भरवसा ठेवू नये, असे माझे निरीक्षण आहे. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात टाकी नेहमी नेमकी हवी तितकीच भरलेली असते, हे इथे आवर्जून लक्षात ठेवावे. म्हणून यंत्राचा आकार ठरवताना आपला सर्वांत मोठा घाणा दोन वेळांत विभागता येईल का, आणि सर्वांत लहान घाणा दोन-तीन दिवसांचा एकदम करता येईल का, हे आधी पाहावे. भाकड गाईंचे मिश्रण कोरडे असेल आणि हवा थंड असेल तर एक दिवसाआड करता येते. उन्हाळ्यात ओले मिश्रण तितका वेळ टिकत नाही, ते तापते आणि गाई त्याला तोंड लावत नाहीत. दोन लहान घाण्यांसाठी थोडे लहान यंत्र घेणे आणि मोठ्या घाण्यासाठी दुसरी फेरी मारणे, हा पर्याय इंधनाच्या हिशेबात थोडा महाग दिसला तरी चाऱ्याच्या हिशेबात तोच योग्य ठरतो.

वजनकाट्याशिवाय मिक्सर घेऊ नये. बादल्या आणि लोडरचे फावडे मोजून केलेले मिश्रण दिसायला छान असते, परंतु मुरघासाचे एकच फावडे सकाळी आणि संध्याकाळी सारख्या वजनाचे भरत नाही. बहुतेक यंत्रांत टाकी आणि सांगाडा यांच्यामध्ये तीन किंवा चार लोड सेल, म्हणजे वजन मोजणारे संवेदक, बसवलेले असतात. काट्याचा दर्जा त्याच्या पडद्यापेक्षा त्याची पायरी किती किलोंची आहे, यावरून ओळखावा. समजा प्रत्येक गाईला १५० ग्रॅम क्षारमिश्रण द्यायचे आहे, म्हणजे ६० गाईंना ९ किलो. काटा पाच-पाच किलोंच्या पायरीने चालत असेल तर पडद्यावर १० दिसत असताना प्रत्यक्षात टाकीत साडेसातपासून साडेबारापर्यंत कितीही किलो असू शकतात, आणि गाईला १२५ ग्रॅमपासून २०० ग्रॅमच्याही वर काहीही मिळू शकते. यावरचा उपाय जुना आणि भरवशाचा आहे. हे ९ किलो क्षारमिश्रण साध्या तराजूवर मोजून ९१ किलो भरडलेल्या धान्यात आधीच कालवून ठेवावे आणि मिक्सरमध्ये त्या मिश्रणाचे १०० किलो टाकावेत. आता अडीच किलोंची चूक झाली तरी ती अडीच टक्क्यांचीच राहते. युरियासारखा, मात्रा चुकली तर जिवावर बेतणारा घटक तर असा पूर्वमिश्रणातूनच आणि पशुआहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच जावा.

काटा उतारावर चुकतो, ट्रॅक्टर हलत असताना चुकतो, आणि लोड सेलच्या केबलला उंदीर लागला तर कधी चुकतो आणि कधी नाही, जे सर्वांत वाईट. माहीत असलेल्या वजनाची पोती टाकीच्या चारही बाजूंना एकेक करून ठेवून पाहिली की काट्याची परीक्षा काही मिनिटांत होते. मी वापरलेल्या यंत्राच्या काट्याचा पडदा भर उन्हात लोडरच्या आसनावरून वाचता येत नसे, ही त्याबाबतची माझी मोठी तक्रार आहे. दुसरा पडदा लोडर चालवणाऱ्याच्या समोर बसवण्याची सोय असेल तर ती सुरुवातीलाच करून घ्यावी, कारण जो माणूस माल टाकतो त्यालाच आकडा दिसत नसेल तर काट्याचा उपयोग निम्म्यावर येतो.

काटा कितीही अचूक असला तरी तो पाणीही मोजतो, आणि या एका कारणामुळे चांगल्या यंत्रातून चुकीचे मिश्रण बाहेर पडते. समजा आहारपत्रकात गाईला २५ किलो मका मुरघास लिहिला आहे आणि त्यात ३५ टक्के शुष्क पदार्थ धरला आहे, म्हणजे पावणेनऊ किलो. उघड्या तोंडाच्या खड्ड्यावर पाऊस पडला आणि शुष्क पदार्थ ३० टक्क्यांवर आला तर त्याच २५ किलोंतून साडेसात किलोच मिळतील. काट्यावर आकडा बरोबर असतो, परंतु गाईच्या पोटात चाऱ्याचा वाटा घटून धान्याचा वाटा वाढलेला असतो. तेवढाच चारा जाण्यासाठी गाईमागे सुमारे २९ किलो, म्हणजे ६० गाईंच्या घाण्यात २५० किलो मुरघास जास्त टाकावा लागतो. शंभर ग्रॅम नमुना मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा वेळ तापवत, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवला तर उरलेले ग्रॅम म्हणजेच शुष्क पदार्थाची टक्केवारी. शेजारी पाण्याचा पेला ठेवावा, नाहीतर नमुना पेट घेऊ शकतो. आठवड्यातून एकदा आणि पाऊस झाल्यावर लगेच ही तपासणी व्हायला हवी. आधुनिक काट्यांत शुष्क पदार्थाची टक्केवारी भरली की सगळी वजने आपोआप बदलतात. ही सोय मला जास्तीचे पैसे मोजण्यासारखी वाटली.

भरण्याच्या क्रमाबाबत प्रत्येक उत्पादक स्वतःच्या यंत्रासाठी वेगळी सूचना देतो आणि ती आधी वाचावी. उभ्या यंत्रासाठी सर्वसाधारण क्रम असा: आधी वाळलेले गवत किंवा भुस्सा, मग धान्य, पेंड आणि क्षारांचे पूर्वमिश्रण, त्यानंतर मुरघास, आणि पाणी किंवा मळी यांसारखे पातळ घटक सर्वांत शेवटी. लांब आणि कोरडा चारा आधी टाकण्याचे कारण उघड आहे, त्याला कापले जाण्यासाठी सर्वांत जास्त वेळ हवा असतो. मुरघास आधीच बारीक असतो आणि तितका वेळ फिरला तर त्याचा चुरा होतो. मळी आधी टाकली तर कोरड्या पिठाचे गोळे होतात आणि ते तसेच गव्हाणीत उतरतात. माल टाकीच्या मध्यावर, मळसूत्राच्या टोकावर पडायला हवा. दोन ऑगरच्या यंत्रात तो दोहोंच्या मधोमध पडावा, कारण एका टोकाला टाकलेला माल दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला फार वेळ घेतो, आणि घाईच्या वेळी तितका वेळ त्याला दिला जात नाही.

शेवटचा घटक पडल्यानंतर तीन ते पाच मिनिटे पूर्ण वेगाने मिसळणे बहुतेक यंत्रांना पुरते. ही वेळ घड्याळाने मोजावी, अंदाजाने नव्हे. जास्त वेळ फिरवल्याने मिश्रण अधिक चांगले होते हा समज चुकीचा आहे. एका मर्यादेनंतर यंत्र मिसळत नाही, फक्त कापत राहते, आणि मघाशी सांगितलेला चघळण्याजोगा तंतू याच वेळी हातचा जातो. ट्रॅक्टर चालू ठेवून चालक दुसऱ्या कामाला गेला की नेमके हेच घडते. त्यापेक्षा दुसरे टोक अधिक परिचयाचे आहे: पाती बोथट झालेली असतात, गवत तुटत नाही, म्हणून वेळ वाढवला जातो, आणि वाढवलेल्या वेळात गवत तसेच राहून मुरघासाचा भुगा होतो. मी वापरलेल्या यंत्रावर पाती बदलल्यावर गाठ फुटायला लागणारा वेळ स्पष्टपणे उतरला आणि ट्रॅक्टरवरचा भारही हलका झाला. अनेक पात्यांच्या एका बाजूवर कठीण धातूचा थर असतो, त्यामुळे दुसरी बाजू झिजत जाऊन धार आपोआप राहते. अशी पाती भलत्या बाजूने घासून धार लावण्याच्या भरात खराब करू नयेत. पात्यांची संख्या आणि जागा बदलता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते. चारा आधीच बारीक असेल तर काही पाती काढून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

भाकड गाईंच्या मिश्रणात घालायचा भुस्सा किंवा काड मात्र मिक्सरवर सोपवू नये, असे माझे मत आहे. तो गाईच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा आखूड, साधारण पाच सेंटीमीटरच्या आत तुटलेला हवा, नाहीतर गाई तो वेचून बाजूला टाकतात. आणि इतका आखूड तो उभ्या यंत्रात तुटेपर्यंत बाकीच्या घटकांचे पीठ झालेले असते. कुट्टी यंत्रातून आधी काढून घेतलेला भुस्सा टाकला तर हा प्रश्नच उरत नाही.

मिश्रण कसे झाले आहे, हे नुसते डोळ्यांनी पाहून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यासाठी चाळणी आहे. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात विकसित झालेली आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही एकावर एक ठेवायच्या डब्यांची चाळणी आज जगभर वापरली जाते. तिच्या सध्याच्या रूपात १९, ८ आणि ४ मिलिमीटर भोकांच्या तीन चाळण्या व तळाचा डबा असतो. नमुना वर टाकून सपाट जागेवर पाच वेळा हलवायचे, पाव वळसा द्यायचा, पुन्हा पाच वेळा, असे दोन पूर्ण वळसे होईपर्यंत, म्हणजे एकूण ४० हेलकावे. जास्त दूध देणाऱ्या गाईंच्या मिश्रणासाठी वरच्या चाळणीत २ ते ८ टक्के, दुसरीत ३० ते ५० टक्के, तिसरीत १० ते २० टक्के आणि तळाच्या डब्यात ३० ते ४० टक्के भाग राहावा, अशी शिफारस आहे. नमुना गाईंनी तोंड लावण्यापूर्वी घ्यावा.

या चाळणीचा खरा उपयोग एका आकड्यात नाही, तुलनेत आहे. गव्हाणीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या अंतरावर आठ-दहा नमुने घेतले आणि वरच्या चाळणीतला भाग एका टोकाला ४ टक्के, दुसऱ्या टोकाला १२ टक्के निघाला, तर मिश्रण झालेले नाही, हे वेगळे सांगायला नको. उभ्या ऑगरच्या यंत्रात हा फरक बहुधा घाण्याच्या शेवटी उघडा पडतो, कारण टाकी रिकामी होत आली की मळसूत्राच्या पायऱ्यांवर अडकलेले लांब गवत एकदम सुटते. दारातून चारा सोडताना वेग एकसारखा ठेवला तर हा दोष कमी होतो, पूर्णपणे जात नाही. यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्याच चाऱ्याचा घाणा आपल्याच गव्हाणीत टाकायला सांगून ही चाळणी करून पाहावी. जो यासाठी तयार होत नाही, त्याच्या यंत्राबद्दल पुढे बोलण्याची गरज नाही.

दुसरी तुलना उरलेल्या चाऱ्याशी करायची. सर्वसाधारणपणे दिलेल्या चाऱ्याच्या २ ते ५ टक्के चारा शिल्लक राहावा आणि तो दिसायला ताज्या मिश्रणासारखाच असावा. शिल्लक चाऱ्यात वरच्या चाळणीचा भाग दुप्पट-तिप्पट झाला असेल तर गाई वेचून खात आहेत. याचे कारण नेहमी यंत्रात नसते. मिश्रण फार कोरडे असेल तर धान्याचे कण गवताला चिकटत नाहीत आणि गाय तोंडाने चारा हलवून ते खाली पाडते. शुष्क पदार्थ ६० टक्के असलेल्या २,१०० किलो मिश्रणात ४२० लिटर पाणी घातले की तो ५० टक्क्यांवर येतो आणि वेचणे बहुतेक वेळा आटोक्यात येते. उष्ण दिवसांत मात्र असे ओलावलेले मिश्रण दोन वेळा ताजे करून द्यावे लागते, आणि यंत्राची क्षमता मोजताना पाण्याचे वजनही धरावे लागते, हे लक्षात ठेवावे.

देखभालीत पात्यांइतकाच महत्त्वाचा, पण सहज दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे मळसूत्राच्या तळाशी बाहेरच्या टोकाला बसवलेली झिजपट्टी. तळाचा माल भिंतीपासून खरवडून मळसूत्रावर चढवण्याचे काम ती करते. ती झिजली की तिच्यात आणि भिंतीत फट पडते, तिथे माल न फिरता साचून राहतो आणि मिश्रण बिघडते, शिवाय साचलेल्या जुन्या मालाला बुरशी धरते. मुरघासातील आम्ल आणि मीठ यांमुळे टाकीचा तळ आतून गंजतो. तळाला जाड किंवा गंजरोधक पोलादाचे अस्तर असलेले यंत्र जास्त वर्षे टिकते. गाठींची जाळी आणि सुतळी काढूनच गाठ टाकावी, कारण ती मळसूत्राच्या बुडाशी गुंडाळली जाते आणि तेलाचे सील फाडते. चारा बाहेर पडण्याच्या दारावर चुंबक असावेत, आणि ते रोज पुसावेत. चाऱ्यातून तार किंवा तुटलेल्या पात्याचा तुकडा पोटात गेला तर तो गाईच्या जाळीपोटातून थेट हृदयापर्यंत घुसू शकतो, आणि पात्याचा तुकडा कुठून आला असेल याचे उत्तर पुष्कळदा आपल्याच मिक्सरमध्ये सापडते. शेअर बोल्ट (जास्त भार आला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच दर्जाचा दुसरा बसवावा. हाताशी आहे म्हणून कठीण बोल्ट बसवला की पुढच्या वेळी बोल्टाऐवजी गिअरबॉक्स तुटतो, आणि तो सुटा भाग कपाटात ठेवण्याजोगा नसतो.

ट्रॅक्टरची ताकद उत्पादकाच्या शिफारशीच्या खालच्या टोकाला बसणारी असेल तर दोन वेगांचा गिअरबॉक्स घ्यावा. सर्वांत मोठा भार भरलेल्या टाकीत थांबलेले मळसूत्र पुन्हा सुरू करताना येतो, म्हणून माल टाकताना यंत्र मंद वेगात चालू ठेवावे. हे करताना एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी जास्त होत नाही: अडकलेले गवत काढण्यासाठी टाकीत उतरण्यापूर्वी इंजिन बंद, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा दांडा) सुटा आणि किल्ली स्वतःच्या खिशात. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कवच तुटले असेल तर ते बदलेपर्यंत यंत्र चालवू नये.

दाराची बाजू, चारा बाहेर टाकणाऱ्या पट्ट्याची लांबी, टाकीची एकूण उंची आणि वळण्यासाठी लागणारी जागा ही माहिती गोठ्यात टेप घेऊन मोजल्याशिवाय ठरवू नये. उभी यंत्रे उंच असतात. लोडरचे फावडे टाकीच्या काठापर्यंत पोहोचत नाही, हे यंत्र दारात आल्यावर कळणे फार त्रासाचे असते, आणि छपराच्या खालच्या तुळईबाबतही तेच. गव्हाणीच्या उंचीनुसार पट्टा वर-खाली करता येणे ही लहानशी सोय आहे, परंतु तिच्याविना चारा गव्हाणीच्या बाहेर पडतो.

मी वापरलेल्या यंत्राने गाठी फोडण्याचे काम चोख केले. मोठा घाणा त्याने एकसारखा मिसळला आणि त्याची देखभाल साधी राहिली. लहान घाण्यात ते कमी पडले, शेवटच्या काही मीटरांत मिश्रण बदलत गेले, आणि काट्याबाबतची तक्रार वर आलीच आहे. ज्यांच्या चाऱ्यात वाळलेल्या गवताच्या गाठी मोठ्या प्रमाणावर आहेत, दुभत्या गाईंचा गट मोठा आहे आणि बाकीचे गट एकत्र करून खाऊ घालता येतात, त्यांना मी हेच यंत्र सुचवेन. लहान-लहान चार-पाच गट असलेल्यांनी किंवा मुरघास आणि कुट्टीवरच चालणाऱ्यांनी पॅडलचे यंत्र पाहावे. मोजक्याच गाई आणि मुख्यतः चराई असेल तर तराजू, स्वच्छ फरशी आणि फावडे यांनीही मिश्रित आहार देता येतो.

वापरलेले यंत्र घ्यायचे असल्यास रंगाकडे पाहू नये. टाकी रिकामी करवून, शाफ्ट सोडवून, दिवा घेऊन आत पाहावे: झिजपट्टी आणि भिंत यांच्यातील फट, तळाच्या पत्र्याची उरलेली जाडी, मळसूत्राच्या कडेवर नव्याने चढवलेली वेल्डिंग, गिअरबॉक्सच्या खाली तेलाचा ओघळ. नंतर टाकी भरून काट्याचा आकडा लिहून ठेवावा आणि थोड्या वेळाने, काहीही न काढता, तोच आकडा पडद्यावर आहे का ते पाहावे. तो सरकत असेल तर लोड सेल बदलण्याचा खर्च सौद्यातून वजा करून घ्यावा.